हिल असिस्ट आणि क्लच: चढावरचे २ सेकंद

भिवंडीत उड्डाणपुलाच्या चढावर ट्रॅफिक अडकलं, की मागे माल भरलेला ट्रेलर अगदी चिकटून उभा असतो. आय-२० एन लाइनसारख्या मॅन्युअल स्पोर्टी गाडीत अशा वेळी हिल असिस्ट कामी येतं.

नेमकं होतं काय? सेन्सरला चढ कळतो. मग तुम्ही ब्रेकवरून पाय काढला तरी ईएससी यंत्रणा ब्रेकचा दाब साधारण २ सेकंद धरून ठेवते आणि गाडी पुढे निघाली की सोडते. पण तेवढ्यात क्लच लागला नाही, तर गाडी मागे घरंगळणारच!

म्हणून ब्रेक दाबलेला असतानाच पहिला गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिनचा आवाज जड झाला, गाडी किंचित थरथरली, की तोच बाइटिंग पॉइंट. क्लच तिथेच धरा आणि उजवा पाय पटकन ॲक्सिलरेटरवर न्या.

हाफ क्लचवर गाडी तोलून धरू नका. क्लच प्लेट घासून तापते, जळका वास येतो. जास्त वेळ थांबायचं असेल तर हँडब्रेक ओढा आणि गाडी न्यूट्रल करा. नाशिकला जाताना कसारा घाट लागण्याआधी एखाद्या रिकाम्या चढावर हा सराव नक्की करा.