बेस गिटारचा मुलायम खर्ज

गाणे ऐकताना श्रोत्याचे लक्ष प्रथम गायकाच्या गळ्याकडे जाते, मग शब्दांकडे, आणि त्यानंतर जे वाद्य पुढे येईल त्याकडे. या सर्वांच्या खाली एक स्वर संथपणे चालत असतो. तो चालू असेपर्यंत त्याची दखल कोणी घेत नाही. तो थांबला की मात्र गाण्याचा पायाच खचल्यासारखे वाटते. आधुनिक वाद्यवृंदात हे काम बहुधा बेस गिटार करते. तिचा खर्ज भरीव, गोल आणि मुलायम असावा, अशी प्रत्येक वादकाची इच्छा असते. प्रत्यक्षात पुष्कळदा एक तर तारांचा खणखणाट ऐकू येतो, नाही तर सारे गाणे झाकून टाकणारा नुसता घुमारा. मग दोष ध्वनिवर्धकाला दिला जातो आणि अधिक किमतीच्या ध्वनिवर्धकाचा शोध सुरू होतो. वस्तुतः या स्वराचा उगम तारेत आणि बोटात असतो. ध्वनिवर्धकाची पाळी सर्वांत शेवटी येते.

चार तारांच्या बेस गिटारमधील सर्वांत जाड तार मोकळी छेडली असता सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. तिच्या पुढील तारांची कंपने अनुक्रमे ५५, ७३ व ९८ इतकी असतात. परंतु कोणतीही तार एकच स्वर देत नाही. मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वरही तिच्यातून निघतात. तंबोरा लावणाऱ्यास हे निराळे सांगावयास नको. घोडीवर तारेखाली सूत सरकवून तो जी जवारी उघडतो, ती हे उपस्वर फुलवण्यासाठीच. बेस गिटारच्या वादकाला नेमके उलट काम करावयाचे असते. वरचे तीक्ष्ण उपस्वर त्याला शमवावे लागतात आणि मूळ स्वर व त्याच्या लगतचे दोनचार उपस्वर तेवढे राखावे लागतात. वादक ज्याला स्वराची ऊब म्हणतात, ती याच निवडीतून येते.

ही निवड कशी साधते याचे उत्तम उदाहरण अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात सापडते. लिओ फेंडर यांनी १९५१ साली कॅलिफोर्नियात प्रिसिजन बेस हे वाद्य बाजारात आणले. त्यापूर्वी खर्जाचे काम माणसाच्या उंचीचे डबल बेस हे वाद्य करीत असे. ते वाहून नेणे कठीण, आणि त्याच्या दांडीवर पडदे नसल्यामुळे स्वरस्थान सर्वस्वी हातावर अवलंबून. फेंडरच्या वाद्यात पडदे होते, म्हणून स्वर अचूक लागे. ‘प्रिसिजन’ हे नाव त्यावरूनच पडले. डेट्रॉइटमध्ये १९५९ साली बेरी गॉर्डी यांनी सुरू केलेल्या मोटाउन या ध्वनिमुद्रण संस्थेत जेम्स जेमर्सन नावाचा वादक होता. त्याचा जन्म १९३६ सालचा, आणि हात तयार झालेला डबल बेसवर. पुढे त्याने प्रिसिजन बेस उचलले. तथापि जुन्या वाद्याचा गोल, लाकडी स्वर त्याच्या कानातून कधी गेला नाही. त्या दशकातील मोटाउनच्या असंख्य गाण्यांखाली त्याचाच खर्ज चालत असे.

जेमर्सनच्या स्वराचे पहिले रहस्य तारांत होते. बेसच्या जाड तारेत मध्ये पोलादी गाभा असतो आणि त्याभोवती दुसरी तार गुंडाळलेली असते. हे वेष्टन गोल तारेचे असेल तर पृष्ठभाग खरबरीत राहतो, उपस्वर चकचकीत निघतात आणि बोट सरकताना घासल्याचा आवाज येतो. वेष्टन चपट्या फितीचे असेल तर पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि स्वर मऊ पडतो. जेमर्सन जाड, चपट्या वेष्टनाच्या तारा वापरी, आणि तुटल्याखेरीज तार बदलत नसे, असे सांगतात. यात आळसापेक्षा हिशेब अधिक होता. वेष्टनाच्या फटींत हाताचा घाम व मळ साचला की तारेचे वरचे उपस्वर मंदावतात आणि नव्या तारेची झळाळी उतरते. ज्याला झळाळी नकोच आहे, त्याच्या दृष्टीने जुनी तार हीच अधिक मोलाची.

दुसरे रहस्य घोडीपाशी होते. तिच्यावरील धातूच्या झाकणाखाली फोमचा एक तुकडा तारांना टेकलेला असे. त्यामुळे वरचे उपस्वर लवकर विझत आणि स्वर लांबत न जाता ठोक्याबरोबर येऊन संपे. आजही स्पंजाची लहानशी पट्टी घोडीलगत तारांखाली सरकवून हा प्रयोग कोणालाही करता येईल. पट्टी नुसती टेकावी. घट्ट दाबल्यास स्वराचा जीवच जातो.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे हात. जेमर्सन प्रायः उजव्या हाताची एकच तर्जनी वापरी. तार घोडीजवळ छेडली तर उपस्वर बळावतात आणि नाद कडक होतो. जसजसे बोट दांडीकडे सरकेल, तसतसा मूळ स्वर भरतो. नखाऐवजी बोटाचे मांस तारेला लागावे आणि तार ओढून सोडण्यापेक्षा तिच्यावरून दाब देत बोट पुढे न्यावे, म्हणजे आघाताचा टणत्कार कमी होतो. डाव्या हातालाही येथे निवड असते. ५५ कंपनांचा जो स्वर दुसऱ्या तारेवर मोकळा मिळतो, तोच सर्वांत जाड तारेवर पाचव्या पडद्याशी मिळतो. स्वर एकच, पण जाड तारेवरचा अधिक गोल व अधिक दबका असतो. तारा पडद्यांच्या फार जवळ असतील तर जोराने वाजवताना त्या पडद्यांवर आपटून खरखरतात. म्हणून हात जड असणाऱ्याने तारा किंचित उंच ठेवाव्यात.

यानंतर पिकअप येतो. चुंबकांभोवती बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे, एवढीच त्याची रचना. पोलादी तार त्यावर हलली की वेटोळ्यात विजेचा क्षीण प्रवाह उत्पन्न होतो. दांडीकडील पिकअप तारेचे मोठे हेलकावे टिपतो, म्हणून त्याचा स्वर भरदार. घोडीकडच्याचा स्वर धारदार. दोन पिकअप असलेल्या वाद्यावर मुलायम खर्जासाठी दांडीकडचा पुढे ठेवावा. पिकअप तारेच्या फार जवळ आणणेही बरे नव्हे. चुंबकाच्या ओढीने तारेचे कंपन बिघडते आणि स्वर फाटतो. वाद्यावरील टोनची कळ अर्धी मिटली की वरचे उपस्वर गळतात. जेमर्सन मात्र ही कळ पूर्ण उघडी ठेवी, असे सांगितले जाते. त्याच्या तारांनी, फोमने आणि बोटाने जे साधले होते, त्यानंतर कळीला काही काम उरले नव्हते.

ध्वनिवर्धकापाशी बहुतेकांची चूक एकच होते. ऊब हवी म्हणून खर्जाची कळ पूर्ण फिरवली जाते. त्याने ४०-५० कंपनांचा भाग फुगतो आणि स्वराचे रूप हरवते. भरीवपणा मुख्यतः १०० ते २५० कंपनांच्या पट्ट्यात असतो. तेथे थोडी भर घालावी आणि सुमारे २००० च्या वरचा भाग हलका करावा. शिवाय मंद आवाजात मानवी कानाला खर्ज कमी ऐकू येतो. अमेरिकेत फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ सालीच हे मोजून दाखवले. घरी हळू आवाजात खर्ज वाढवून बसवलेला स्वर मंचावर असह्य घुमतो, त्याचे कारण हेच. त्यातच ४१ कंपनांची ध्वनिलहर सुमारे २७ फूट लांब असते. भिंतींमध्ये आदळून ती कोठे दुणावते, तर कोठे नाहीशी होते. गणेशोत्सवातील ऑर्केस्ट्रात मंचाच्या कोपऱ्यात स्पीकर ठेवला की खर्ज गुरगुरू लागतो. तोच कोपऱ्यातून बाहेर काढला तर कोणतीही कळ न फिरवता स्वर पुष्कळ स्वच्छ होतो.

येथे एक शंका संभवते. लहान रेडिओच्या तळहाताएवढ्या स्पीकरमधून ४१ कंपनांचा स्वर जवळजवळ बाहेर पडतच नाही. मग श्रोत्याला खर्ज ऐकू येतो कसा? याचे उत्तर उपस्वरांतच आहे. ८२, १२३, १६४ अशा ओळीने आलेल्या कंपनांवरून मन त्यांच्या मुळाशी असलेला ४१ चा स्वर स्वतःच जुळवून घेते. म्हणून मुलायमपणाच्या हौसेपायी सारेच उपस्वर मारून टाकणे घातक ठरते. मोठ्या स्पीकरवर असा स्वर गोड लागतो आणि घराघरांतील लहान यंत्रावर नाहीसाच होतो. फोम किती टेकवावा, कळ किती मिटावी, याची मर्यादा हीच.

मोटाउनच्या ध्वनिमुद्रिकांवर वादकांची नावे सहसा छापली जात नसत. ज्या खर्जावर लक्षावधी लोक नाचले, तो कोणाचा हे त्यांना ठाऊक नव्हते. १९७१ साली मार्विन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या ध्वनिमुद्रिकेवर वादकांची नावे आली, त्यांत जेमर्सनचेही होते. पुढच्याच वर्षी संस्थेने आपले ठाणे लॉस एंजेलिसला हलवले. १९८३ साली जेमर्सन वारला. त्याच्या मृत्यूच्या थोडे आधी त्याचे १९६२ सालचे आवडते वाद्य चोरीस गेले होते. ते वाद्य आज एखाद्याच्या हाती असले, तरी तो स्वर त्याला अनायासे मिळेल असे नाही. जुन्या तारा, फोमचा तुकडा आणि एक तर्जनी ही सामग्री कोणासही सुलभ आहे. गायकाच्या खाली राहून त्याला उचलून धरण्याची बुद्धी तेवढी ज्याची त्याला कमवावी लागते.