झालेल्या कामाची नोंद

गोव्यात नैराश्यावर एक मोठा अभ्यास झाला. त्यात रुग्णांशी बोलायला बसणारी माणसं डॉक्टर नव्हती, मानसोपचारतज्ज्ञही नव्हती. ती तिथलीच होती आणि काही आठवड्यांचं प्रशिक्षण घेऊन समुपदेशक झालेली होती. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या सुमारे पाचशे रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले, तर उरलेल्यांना त्याच्या जोडीला सहा ते आठ भेटी. हल्ली काय काय करणं सुटलंय ते शोधायचं, त्यातलं एखादं छोटं काम पुन्हा हाती घ्यायचं आणि ते केल्यावर कसं वाटलं ते बघायचं, हा या भेटींचा गाभा. डॉ. विक्रम पटेल आणि 'संगत' संस्थेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये याचे निष्कर्ष मांडले. तीन महिन्यांनी भेटी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. नुसत्या नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं.

एवढ्याशा कामात एवढं बळ येतं कुठून? मन खचलं की माणूस एकेक गोष्ट सोडत जातो. संध्याकाळचा फेरफटका बंद होतो, शेजाऱ्यांशी बोलणं तुटतं, आंघोळसुद्धा लांबणीवर पडते. ज्यातून थोडं समाधान मिळायचं तेच हातचं गेल्यावर मन आणखी खचतं. हे चक्र पीटर लेविन्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात मांडलं. 'बरं वाटलं की करेन' असं आपण सगळेच म्हणतो. गोव्यातल्या भेटींमागची उपचारपद्धती म्हणते, आधी करा, बरं मागाहून वाटेल. फक्त काम आजच्या आज होईल इतकं लहान असावं.

पण नुसतं करणं पुरत नाही, आणि खरी गोम इथेच आहे. खचलेला माणूस काम करतो आणि लगेच ते मोडीतही काढतो: 'भाजी आणली, त्यात काय एवढं?' मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक रुग्णांना दिवसभराचा तक्ता भरायला लावत. प्रत्येक कामापुढे दोन गोष्टींचे गुण द्यायचे, आनंद किती झाला आणि आपल्याला ते कितपत जमलं. हे दोन रकाने वेगळे ठेवण्यात मोठी समज आहे. वीजबिल भरून आनंद होत नाही, पण मार्गी लावल्याचं समाधान मिळतं. शिवाय गुण द्यायचे ते आजच्या अवस्थेत काम किती अवघड होतं, यावर. पूर्वी हे सहज जमायचं, हा हिशेब तिथे चालत नाही. तापातून उठलेला माणूस जिना चढला, तर त्याची बरोबरी त्याच्याच गेल्या वर्षीच्या ट्रेकशी कशाला करायची?

धडधाकट माणसांनाही हे लागू पडतं. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या टेरेसा अमाबिले आणि त्यांचे सहसंशोधक स्टीव्हन क्रेमर यांनी सात कंपन्यांतल्या २३८ कर्मचाऱ्यांकडून रोजच्या नोंदी लिहून घेतल्या. त्या जवळजवळ बारा हजार झाल्या. मन सर्वांत प्रसन्न असलेल्या दिवसांपैकी ७६ टक्के दिवशी काम थोडं तरी पुढे सरकलेलं होतं. ही प्रगती अनेकदा किरकोळच असे. मात्र अशी प्रगतीच माणसाला सर्वाधिक उमेद देते, हे त्यांनी विचारलेल्या ६६९ व्यवस्थापकांपैकी जेमतेम ५ टक्क्यांना ओळखता आलं.

कंपनीत निदान महिन्याचा अहवाल तरी असतो. घरात काय? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार देशात विनामोबदला घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती, तर घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. पाच तासांच्या या कामाची खूण रात्रीपर्यंत उरत नाही. घासलेली भांडी पुन्हा खरकटी होतात, घडी घातलेले कपडे पुन्हा धुण्यात येतात. म्हणून 'दिवसभर काय केलंस?' हा प्रश्न इतका झोंबतो. घरातल्या दुसऱ्या कुणी 'आज तुझी बँकेची खेपही झाली आणि पाहुण्यांचंही निभावलंस' असं कामाचं नाव घेऊन सांगितलं, तर ती नोंदच असते. मोघम 'छान'पेक्षा तिचं मोल कितीतरी जास्त.

नोंदीला खास वही लागत नाही. दूधवाल्याच्या हिशेबाची वही चालेल, कॅलेंडरचा कोपराही चालेल. रात्री दोन-तीन ओळी पुरतात, पण त्या नेमक्या हव्यात. 'दिवस बरा गेला' असं लिहून हाती काही लागत नाही. 'आठवडाभर टाळलेला फोन केला' हे लिहिलं की आपण काय केलं ते दिसतं. मार्टिन सेलिग्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांनी आठवडाभर रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी कारणांसह लिहिल्या. त्याचा परिणाम सहा महिन्यांनीही दिसत होता. 'आज काहीच झालं नाही' असं वाटलेल्या दिवशी तर लिहावंच, कारण मनावर चुकलेल्याचा ठसा जमलेल्यापेक्षा खोल उमटतो. मात्र या नोंदी दुसऱ्याच्या यादीशी ताडून पाहायला लागलं की त्यांचा उपयोग संपतो.

वही म्हणजे औषध नव्हे, हेही इथेच सांगायला हवं. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी हटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जायला हवं. केंद्र सरकारच्या 'टेली मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं. गोव्यातल्या रुग्णांनाही समोर बसून ऐकणारं माणूस मिळालं होतं. वर्षभराने संशोधक त्यांच्याकडे पुन्हा गेले, तेव्हा भेटींचा फायदा बऱ्याच अंशी टिकून होता. तो झाला कशामुळे, याचाही त्यांनी शोध घेतला. आकडेवारीतून दिसलं ते असं, की रुग्ण सुटलेली कामं पुन्हा करू लागले होते आणि सुधारणेचा काही वाटा त्यातूनच आला होता.