ओली कापणी, कोरडी कापणी

खिडकीखाली बसवायची ग्रॅनाइटची पट्टी दोन विटांवर आडवी ठेवलेली असते. मिस्त्री तिच्यावर रेघ मारतो, एक पाय पट्टीवर दाबतो आणि हातातला चार इंची कटर सुरू करतो. मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेणारी हिऱ्याची पात दगडाला टेकली की पांढरा लोट उठतो आणि समोरची भिंत दिसेनाशी होते. मिस्त्रीच्या नाकावर गमछा असतो, पट्टी धरून बसलेल्या हेल्परच्या नाकावर तोही नसतो. दोनेक मिनिटांत तुकडा सुटतो, कटर थांबतो, धूळ खाली बसते.

निदान डोळ्यांना तसं वाटतं. मुंबईच्या पश्चिम उपनगरात फिनिशिंगला आलेल्या एका टोलेजंग इमारतीत मी हे काम बघत होते. मिस्त्रींनी गमछा खाली ओढला, तेव्हा मी मोबाइलचा टॉर्च लावून आडवा धरला. उजेडाच्या पट्ट्यात कण अजून गिरक्या घेत होते. जड होते ते बुटांवर आणि पट्टीवर पडले होते. उरलेले इतके हलके, की वारा नसलेल्या खोलीत ते तासन्‌तास तरंगतात. त्यातले सर्वांत बारीक तर टॉर्चलाही सापडत नाहीत.

फुप्फुसांना खरा धोका या बारीक कणांचा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. चार-पाच मायक्रॉनच्या आतले कण नाकातले केस आणि घशातला कफ चुकवून थेट वायुकोशांपर्यंत पोचतात. दगडातलं क्वार्ट्झ, म्हणजे स्फटिकरूप सिलिका, अशा आकाराचं होऊन आत गेलं, की तिथल्या सफाई करणाऱ्या पेशी ते गिळतात. पण पचवू शकत नाहीत. पेशी मरते, कण मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते. या झटापटीत फुप्फुसात व्रण साठत जातात आणि श्वास आखूड होत जातो. हा सिलिकोसिस. धुळीचं काम सोडलं तरी तो वाढू शकतो, आणि झालेलं नुकसान भरून काढणारं औषध नाही. अशा फुप्फुसांना क्षय लवकर गाठतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ साली ही धूळ कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली.

किती धूळ म्हणजे जास्त? अमेरिकेने २०१६च्या नियमात आठ तासांच्या पाळीसाठी घनमीटर हवेमागे अशा बारीक सिलिकाची सरासरी ५० मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली. कष्टाचं काम करणारा माणूस पाळीत साधारण दहा घनमीटर हवा आत घेतो. म्हणजे दिवसाची मर्यादा झाली अर्धा मिलिग्रॅम, मिठाचे आठ-दहा कण भरतील एवढी. ग्रॅनाइटच्या एका कोरड्या कापात उडणाऱ्या लोटासमोर हा हिशेब मांडला, की गमछ्याची लाज वाटते.

सगळी धूळ सारखी घातक नसते, हेही साइटवर कुणी सांगत नाही. मुंबईची खडी काळ्या पाषाणाची, बेसॉल्टची. त्यात मोकळं क्वार्ट्झ अगदी थोडं. ग्रॅनाइट मात्र बाहेरून येतो आणि त्यात क्वार्ट्झ वीस-तीस टक्के असतं. विट्रिफाइड टाइलमध्येही ते असतं. हल्ली स्वयंपाकघराच्या ओट्याला कृत्रिम क्वार्ट्झची लादी मागतात, तिच्यात सिलिका नव्वद टक्क्यांच्या वर असू शकते. अशी लादी कापणारे तरुण कारागीर आजारी पडू लागले, तेव्हा ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४पासून तिच्यावर बंदी घातली. आपल्याकडे ती ओट्याच्या मापाला कापताना कटर अनेकदा कोरडाच चालतो.

इमारतीला बाहेरून हिरवं कापड होतं. २०२३च्या ऑक्टोबरात मुंबईची हवा बिघडली, तेव्हा महापालिकेने ७० मीटरपेक्षा उंच बांधकामांभोवती ३५ फुटी पत्रे उभारायला आणि इमारती कापडाने झाकायला सांगितलं. रस्त्यावरच्या माणसासाठी ते योग्यच आहे. पण कापडाच्या आत वारा मंदावतो आणि धूळ तिथेच घोटाळत राहते. शेजाऱ्यांची काळजी घेणारी व्यवस्था आतल्या माणसाला पुरत नाही. त्याच्यासाठी धूळ जिथे जन्मते तिथेच धरावी लागते.

त्याचं साधन, पाणी, साइटवर आधीपासून आहे. स्लॅब पडला की त्याला पाणी मारायचं, हे बिगाऱ्यालाही सांगावं लागत नाही. आयएस ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस ओलं ठेवायचं असतं आणि त्यासाठी माणूस नेमलेला असतो. मी उभी होते त्याच मजल्यावर पलीकडच्या खोलीत दुसरे मिस्त्री ओली कापणी करत होते. झाकणाला भोक पाडलेली बाटली घेऊन हेल्पर पातीच्या पुढे पाण्याची धार धरत होता. लोट उठला नाही. करड्या रंगाचा चिखल रेघेच्या दोन्ही बाजूंनी ओघळला. धार तुटली की लगेच पांढरं दिसायचं, आणि मिस्त्री न बघता म्हणायचे, "पाणी." ब्रिटनमध्ये रस्त्यावरच्या मोठ्या कटरसाठी मिनिटाला निदान अर्धा लिटर पाणी सांगतात. टाकी आणि नळी जोडलेला कटर असेल तर हेल्परला धुळीजवळ बसावंच लागत नाही.

मग सगळे असं का करत नाहीत? कारणं खोटी नाहीत. विजेच्या हत्याराजवळ पाणी म्हणजे शॉकची भीती. लाइनवर चालू स्थितीतला ईएलसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, असल्याशिवाय कुणालाही ओली कापणी करायला सांगू नये. चिखल रंगवलेल्या भिंतीवर उडतो, तो पुसावा लागतो. वाळला तर पुन्हा त्याची धूळ होते. वायरिंगसाठी भिंतीत झिरी मारताना पाणी चालतच नाही. तिथे ग्राइंडरला झाकण बसवून बारीक फिल्टरचा व्हॅक्यूम जोडतात. तो महाग असतो. पण संध्याकाळी खराटा मारण्याआधी पाणी शिंपडायला काहीच खर्च नाही, तरी बसलेली धूळ पुन्हा कोरडीच उडवली जाते.

एन-९५ मास्क या सगळ्यानंतर येतो. तो चेहऱ्याला घट्ट बसला तर उपयोगाचा. दाढी असेल तर कडेने हवा शिरते. एप्रिलच्या घामात तो भिजतो. तंबाखू खाणाऱ्याला थुंकायला दर थोड्या वेळाने खाली ओढावा लागतो. मास्क वाटून जबाबदारी संपली, असं ज्याला वाटतं त्याने दुपारी तीन वाजता तो मास्क कुठे लटकतोय हे बघावं.

कोरडी कापणी करणाऱ्या मिस्त्रींना मी विचारलं, "तुम्ही पाणी का घेत नाही?" त्यांनी दगडावरून नजर न हलवता सांगितलं, "मॅडम, पैसे रनिंग फुटाचे मिळतात. पाण्याचे कोण देणार?"

दराच्या कागदावर कटिंग, पॉलिश आणि फिटिंग एवढंच असतं. ओल्या कापणीला लागणारा हेल्परचा रोज, चिखल काढायचा वेळ, ईएलसीबी, हे त्यात कुठेच धरलेलं नसतं. ते धरलं तर फुटामागे दर थोडा वाढेल, आणि साइट इंजिनिअर कोरडा कटर हक्काने बंद करू शकेल. सिलिकोसिस बहुधा दहाएक वर्षांनी डोकं वर काढतो. तोवर कंत्राटदार बदललेला असतो, माणूस गावी परतलेला असतो, आणि खोकला, उतरलेलं वजन, एक्स-रेवरचे डाग बघून क्षयाच्या गोळ्या सुरू होतात. तू काय कापत होतास, हे कुणी विचारत नाही. कोरडी कापणी स्वस्त पडते ती एवढ्यासाठीच, की तिचा खर्च कंत्राटाबाहेर, भलत्याच जिल्ह्यातल्या एका घरावर पडतो.