धूर, विस्तव आणि कॉम्प्युटर

"मावशी, मला कॉम्प्युटर सायन्सही शिकायचंय अन् तत्त्वज्ञानही!" बारावी झालेल्या भाचीनं असं जाहीर केलं आणि बहिणीच्या नाशिकच्या घरात वादळ उठलं. मेहुणे म्हणाले, "पहिल्यानं पोट भरेल. दुसऱ्याचं काय लोणचं घालायचंय?" मुलगी दोन दिवस धड जेवली नाही.

मैत्रिणींनो, खरं सांगायचं तर हा मेळ मलाही कळेना. मग तिनंच गॅसपाशी उभं राहून समजावलं. आपल्या न्यायदर्शनात अनुमानाचं ठरलेलं उदाहरण आहे. डोंगरावर धूर दिसला, म्हणजे तिथं विस्तव आहे. कारण जिथं धूर तिथं विस्तव, जसा स्वयंपाकघरात! पण उलट म्हणाल तर फसाल. धूर होतो तो ओल्या लाकडानं. आपल्या गॅसला कुठं असतो धूर? 'अमुक असेल तर तमुक' हीच कॉम्प्युटरचीही भाषा. अट उलटी लिहिली की उत्तर चुकलंच!

हे नातं काही नवं नाही. इंग्रज गणिती जॉर्ज बूल यांनी १८५४ साली विचारांचे नियम गणितात मांडले. त्यांचाच आधार पुढं कॉम्प्युटरला मिळाला. यंत्र विचार करू शकेल का, हा ॲलन ट्युरिंग यांचा १९५० सालचा लेख तत्त्वज्ञानाच्याच नियतकालिकात आला. ऑक्सफर्डला २०१२ पासून दोन्ही विषयांची एकत्र पदवी आहे.

आणि आता तर कर्ज कुणाला द्यावं, नोकरीला कुणाला बोलवावं, हेही यंत्राला विचारतात. ते न्यायाचं आहे का, हे कुणी पाहायचं?

त्यासाठी ऑक्सफर्डलाच जायला हवं असं नाही. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२२ साली एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली. एक कॉलेजात जाऊन, दुसरी दूरशिक्षणानं करता येते. दोन्ही कॉलेजात करायच्या तर तासांच्या वेळा एकमेकींवर येता कामा नयेत. प्रवेशाआधी दूरशिक्षणाच्या अभ्यासक्रमाला मान्यता आहे ना, परीक्षा एकाच दिवशी येत नाहीत ना, हे विचारून घ्या. फीचा हिशेबही आधीच मांडा.

आमच्याकडे अखेर तोड निघाली. पहिलं वर्ष नुसतं कॉम्प्युटर. निकाल चांगला लागला तर पुढच्या वर्षी घरबसल्या तत्त्वज्ञान. मेहुणे अजून कुरकुरतात. परवा मात्र जेवताना त्यांनीच विचारलं, "काय गं, धुराशिवाय विस्तव असतो म्हणालीस, तो कसा?"