वाटेत थांबलेली मालगाडी

वास्को ते कुळे या लोहमार्गालगतच्या गावांना मालगाडी फाटकावरच आडवी थांबण्याचा प्रकार नवा नाही. इंजिन पुढे दिसेनासे, शेपूट मागे दिसेनासे, आणि मधल्या वाघिणींनी गावाचे दोन तुकडे केलेले! खोळंबलेली माणसे प्रथम घड्याळाकडे पाहतात, मग रेल्वेच्या नावाने बोटे मोडतात आणि अखेरीस कोणीतरी दप्तर वा पाटी पलीकडे ढकलून वाघिणीखालून सरपटत जातो. हे दृश्य अंगावर काटा आणणारे आहे.

गाडी उगाच थांबली आहे, हा समज त्याच्या मुळाशी असतो. वस्तुतः मालगाडी उगाच थांबत नाही. जेथे मार्ग एकेरी आहे तेथे समोरून येणारी गाडी निघून गेल्याखेरीज तिला वाट मिळत नाही, आणि मानाने ती प्रवासी गाडीच्या मागची असल्याने थांबण्याची पाळी बहुधा तिच्यावरच येते. पुढे बंदरातील यार्डात जागा नसेल अथवा चालकाच्या कामाचे तास भरले असतील, तरीही तेच.

याहून महत्त्वाचे कारण ब्रेकांचे. गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेल्या नळीत प्रत्येक चौरस सेंटिमीटरला सुमारे ५ किलो दाबाची हवा असते. नळी फाटली वा दोन वाघिणींचा जोड निसटला की हवा निघून जाते आणि ब्रेक आपोआप लागतात. बिघाड झाल्यास गाडी मोकाट सुटू नये, थांबावी, अशीच ही योजना आहे. मग गार्ड (२०२२ पासून त्याला ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणतात, खडीवरची पायपीट मात्र तीच) दोष शोधत गाडीच्या कडेने चालू लागतो. कुळे ते कॅसलरॉक घाटात तर दर ३७ फुटांमागे १ फूट चढ. वर जाणाऱ्या जड गाडीला मागून रेटणारी इंजिने जोडावी लागतात, उतरणारीचे ब्रेक तपासावे लागतात. १९५५ मध्ये याच मार्गावरील सीमापार वाहतूक राजकारणाने थांबविली आणि ती गोवा मुक्त झाल्यावरच सुरू झाली. तो थांबा निराळा. आजचे हे थांबे सुरक्षिततेचे आहेत.

पण थांबण्याचे कारण जसे फाटकावरून दिसत नाही, तसे निघण्याचेही दिसत नाही. भरलेली गाडी अर्ध्या किलोमीटरहून लांब असते. इंजिन हलले तरी जोडांतील सैलपणा एकेक वाघीण करीत मागे सरकतो, आणि चाळिसाव्या वाघिणीखालच्या माणसाला इंजिनाची शिटी ऐकू येण्यापूर्वीच चाक फिरलेले असू शकते.

मार्ग दुहेरी करणे हाच उपाय, असे काहींचे म्हणणे. तथापि घाटातील वनांवर होणाऱ्या परिणामांचा पुरेसा अभ्यास झालेला नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये तिनईघाट–कॅसलरॉक–कुळे टप्प्याची वन्यजीवविषयक मंजुरी रद्द केली, आणि आमच्या मते ते योग्यच झाले. फाटकावरच्या माणसाला त्या वादाशी कर्तव्य नाही. त्याला हवा आहे पावसाळ्यात न तुंबणारा भुयारी रस्ता वा एखादा पादचारी पूल. तो होईपर्यंत गाडी का थांबली आहे व अंदाजे केव्हा निघेल, एवढे तरी फाटकवाल्याला कळवावे, आणि त्याने ते लोकांना सांगावे. फाटकाच्या खोलीत दूरध्वनी असतोच.