जालन्यात राहून नेमबाजी शिकायची? परवाना लागतो का, सुरुवात कुठून करायची?

१ ऑगस्ट २०२४. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक जिंकलं. या प्रकारात भारताला मिळालेलं हे पहिलंच ऑलिम्पिक पदक. स्वप्नील कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा, म्हणजे खेडेगावातला. मग अंबड, भोकरदन, परतूरच्या मुलामुलींनी हाच खेळ शिकायचा ठरवलं, तर पहिलं पाऊल कुठलं?

रीलमध्ये दिसतं ते 'प्रॅक्टिकल शूटिंग' काय आहे?

धावत जायचं, आडोशामागून नेम धरायचा, एकामागून एक लक्ष्यं पाडायची. गुणही मोजले जातात आणि वेळही. या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना १९७६ मध्ये अमेरिकेत स्थापन झाली. पण त्यात सर्रास वापरलं जाणारं ९ मिलिमीटरचं पिस्तूल भारतात 'निषिद्ध बोअर'मध्ये मोडतं, म्हणजे सामान्य नागरिकाला त्याचा परवाना मिळत नाही. त्यामुळे आपल्याकडे नवशिक्यासाठी खरा दरवाजा एकच: १० मीटर एअर रायफल किंवा एअर पिस्तूल.

एअर रायफलला परवाना लागतो का?

शस्त्र नियम २०१६ नुसार ०.१७७ इंच, म्हणजे ४.५ मिलिमीटरपर्यंतचा बोअर आणि २० ज्यूलपर्यंतची ऊर्जा असलेल्या एअरगनला परवाना लागत नाही. स्पर्धेतल्या १० मीटर रायफली आणि पिस्तुलं याच बोअरची असतात. खरेदीची पावती मात्र जपून ठेवा.

पुढे .२२ च्या रायफलीकडे वळायचं असेल तर परवाना लागतो. जालन्यात तो अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात जातो आणि पोलिसांकडून चौकशी होते. साधारणपणे वयाची अट २१ वर्षांची आहे, लहान वयाच्या नेमबाजांसाठी नियमांत वेगळी तरतूद आहे.

क्लब कसा शोधायचा?

आधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चौकशी करा. शालेय स्पर्धांमध्ये नेमबाजीचा समावेश असतो, त्यामुळे जिल्ह्यातून कोण खेळतं आणि कुठे सराव करतं, हे तिथे कळू शकतं. कॉलेजात असाल तर एनसीसी हा दुसरा रस्ता, तिथे फायरिंगचं प्राथमिक शिक्षण मिळतं. जवळचं मोठं शहर छत्रपती संभाजीनगर साधारण ६० किलोमीटरवर आहे. मोठ्या रेंज पाहायच्या तर पुण्याचं बालेवाडी क्रीडासंकुल आणि मुंबईत वरळी.

क्लबमध्ये पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. क्लब महाराष्ट्र रायफल असोसिएशनशी जोडलेला आहे का? प्रशिक्षक स्वतः राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवर खेळलेत का? सुरुवातीला क्लबचीच रायफल वापरता येईल का?

पहिल्या दिवशी काय शिकवतात?

नेम नाही, शिस्त. नळी कायम लक्ष्याच्या दिशेने. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर. 'स्टॉप' ऐकलं की हात तिथेच थांबला पाहिजे. ज्या रेंजवर हे नियम ढिले, तिथून परत फिरलेलं बरं.

मग येतं उभं राहणं, श्वास आणि तोल. १० मीटर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. स्पर्धेत ७५ मिनिटांत ६० फैरी झाडायच्या. त्यामुळे छर्रे न वापरता नुसती रायफल धरून उभं राहण्याचा सराव महिनोन्‌महिने चालतो. तो घरीही करता येतो, पण प्रशिक्षकाने शिकवल्यानंतरच.

खर्चाचं काय?

खेळ महाग आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. परदेशी बनावटीची रायफल, जाड जॅकेट, बूट, छर्रे, प्रवास असा खर्च वाढत जातो. स्वप्नीलच्या शिक्षक वडिलांनी गोळ्यांसाठी कर्ज काढल्याचं पॅरिसनंतर बातम्यांत आलं होतं. म्हणून पहिले सहा महिने स्वतःची रायफल घेऊ नका. भारतीय बनावटीच्या रायफलीसाठी 'ओपन साइट' हा देशांतर्गत स्पर्धांचा वेगळा गट आहे, तिथून सुरुवात स्वस्तात होते.

पुढचा रस्ता

जिल्हा, राज्य, मग मावळंकर स्पर्धा आणि त्यानंतर राष्ट्रीय. ही स्पर्धा ग. वा. मावळंकर यांच्या नावाने होते. लोकसभेचे हे पहिले अध्यक्ष १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल असोसिएशनच्या स्थापनेतही पुढे होते. चांगली कामगिरी झाली तर दहावी-बारावीत वाढीव गुण आणि सरकारी नोकरीत ५ टक्के खेळाडू आरक्षण, या योजनांचा लाभ नियमांप्रमाणे मिळू शकतो.

शेवटची, पण महत्त्वाची गोष्ट

शेजारच्या बीडमध्ये २०२५ मध्ये अनेक शस्त्र परवाने रद्द झाले. २०१९ च्या कायदादुरुस्तीनुसार लग्नात किंवा मिरवणुकीत बेपर्वाईने गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. एअरगन हातात घेऊन केलेली रीलही पोलिसांना ठाण्यात बोलवायला पुरेशी ठरू शकते. ज्याला रुबाब दाखवायचा आहे, त्याचं रेंजवर काही काम नाही. ज्याला तासभर हलल्याशिवाय उभं राहायला जमतं, त्याच्यासाठी हा खेळ आहे, मग तो घनसावंगीचा असो की मुंबईचा.