सुटीच्या दिवसाचे तास आणि ‘कॅल्क्युलेट’चा फिल्टर

कुवेतच्या खासगी क्षेत्राला लागू असलेल्या २०१० च्या कामगार कायद्याने (क्रमांक ६) जादा कामाचे दर दिवसाच्या प्रकारानुसार ठरवून दिले आहेत. नेहमीच्या दिवशी जादा तासांना २५ टक्के अधिक, साप्ताहिक सुटीच्या दिवशी किमान ५० टक्के अधिक, तर सार्वजनिक सुटीस दुप्पट वेतन. शिवाय या दोन्ही सुट्यांबद्दल बदली रजा. त्यामुळे हजेरीच्या अहवालातील सूत्र चुकले, तर त्याची झळ थेट कामगाराच्या पगाराला लागते.

पॉवर बीआयमध्ये असे सूत्र ‘कॅल्क्युलेट’ फंक्शनने लिहितात:

सुटीचे तास = कॅल्क्युलेट([एकूण तास], हजेरी[दिवसप्रकार] = "साप्ताहिक सुटी")

पहिला भाग काय मोजायचे ते सांगतो, दुसरा कोणत्या नोंदींपुरते. फिल्टर आधी लागतो, बेरीज नंतर होते.

खरी मेख पुढे आहे. समजा, एका कामगाराचे साप्ताहिक सुटीचे १६ तास भरले. दिवसप्रकारानुसार तक्ता मांडला, तर ‘नेहमीचा दिवस’ आणि ‘सार्वजनिक सुटी’ या ओळींतही १६ च दिसतात. कारण सूत्रातील अट त्याच स्तंभावरील आधीच्या फिल्टरमध्ये भर घालत नाही. ती त्याची जागा घेते. दोन्ही फिल्टर एकत्र लागू व्हावेत, असे वाटत असेल तर अट ‘कीपफिल्टर्स’मध्ये घालावी. मग १६ हा आकडा केवळ योग्य ओळीत उमटतो, इतर ओळी रिकाम्या राहतात.

दुसरी चूक उसन्या सूत्रांतून येते. ‘वीकडे’ फंक्शनला २ हा पर्याय दिला की सोमवार १ ठरतो. अनेक तयार सूत्रे ५ पेक्षा मोठा वार म्हणजे सुटी असे गृहीत धरतात. कुवेतमध्ये शासकीय साप्ताहिक सुटी २००७ पासून शुक्रवार-शनिवार आहे. त्या सूत्राने शुक्रवार कामाचा ठरतो आणि रविवार सुटीचा! शिवाय पाळीने काम करणाऱ्या प्रत्येकाची सुटी शुक्रवारीच असते असे नाही. म्हणून वारावर विसंबू नये. पाळीपत्रकावरून प्रत्येक नोंदीचा दिवसप्रकार आधीच ठरवून घ्यावा आणि त्याच स्तंभावर अट लावावी.

अहवाल पुढे पाठवण्यापूर्वी एका कामगाराचा एक महिना हजेरीपत्रकावरून हाताने मोजून पाहावा. दोन्ही आकडे जुळले, तरच सूत्र वापरात आणावे.